फाटका ग्लोव्ह काय सांगतो: गोल्फच्या स्विंगमधली पकड, पवित्रा आणि वळण

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 44, दोन वर्षं खेळतोय. ड्रायव्हरने, म्हणजे लांब फटक्याच्या क्लबने (गोल्फच्या काठीने), मारलेला चेंडू उजवीकडे वळत जातो. आयर्न, म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब, कधी चेंडूच्या माथ्यावर लागतो, कधी मागच्या जमिनीत घुसतो. व्हिडिओत खांदे पुरते वळलेले दिसत नाहीत. बरोबरचे सगळे ‘डोकं खाली ठेव’ म्हणतात. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, शंभर-दीडशे चेंडू मारले की कंबर धरते. डाव्या हाताचा ग्लोव्ह महिन्याभरात करंगळीच्या बाजूला तळव्यावर फाटतो. तर पवित्रा, पकड आणि शरीराचं वळण यांतलं आधी काय सुधारायचं?

आधी पकड. आणि हे मी ठामपणे सांगते आहे ते तुम्ही जाता जाता लिहिलेल्या ग्लोव्हच्या ओळीवरून. वीस-बावीस वर्षं शिकवते आहे. नवा विद्यार्थी आला की स्विंग बघण्याआधी त्याचा जुना ग्लोव्ह मागून घेते. करंगळीखाली तळहाताची जी मांसल गादी असते, तिथे ग्लोव्ह झिजून भोक पडलं असेल तर क्लबचा दांडा तिथे घासतोय, म्हणजेच प्रत्येक फटक्यात तो हातात सरकतोय. दांडा सरकतो कारण तो बोटांत धरलेला नसतो, तळहातावर आडवा ठेवलेला असतो.

आता यातून पुढे काय काय होतं ते बघा, कारण तुमची बाकीची सगळी गाऱ्हाणी याच माळेत ओवलेली आहेत. दांडा तळहातात धरला की मनगट मोकळं वाकत नाही. बॅकस्विंगच्या, म्हणजे क्लब मागे वर नेण्याच्या, टोकाला क्लब डगमगतो, म्हणून मूठ आवळली जाते. मूठ आवळली की कोपरापर्यंतचा हात ताठ होतो, त्यापाठोपाठ खांदे. ताठ खांदे वळत नाहीत, नुसते वर उचलले जातात. शिवाय अशा पकडीत चेंडूपाशी येईपर्यंत क्लबफेस, म्हणजे क्लबची चेंडूला लागणारी बाजू, उजवीकडे उघडा राहतो. चेंडू ज्या दिशेने निघतो ती बहुतांशी फेस कुठे बघतोय त्यावर ठरते, आणि हवेत तो जो वळतो ते फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. चेंडू आणि फेस एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा साधारण दोन हजारावा भाग, म्हणजे अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात कुणालाच काही दुरुस्त करता येत नाही.

चेंडू सतत उजवीकडे गेला की शरीर आपोआप डावीकडे ओढायला शिकतं. डाउनस्विंग, म्हणजे क्लबचं खाली चेंडूकडे येणं, सुरू होताच उजवा खांदा पुढे झेपावतो आणि क्लब बाहेरून आत येतो. त्याने फेस आणि मार्ग यांतलं अंतर वाढतं, चेंडू आणखी वळतो, माणूस आणखी ओढतो. व्हिडिओत दिसतं ते चुकलेलं वळण, पण ते या उघड्या फेसला शरीराने दिलेलं उत्तर आहे. वळण सुधारायला गेलात आणि फेस तसाच उघडा ठेवलात, तर सुंदर वळून मारलेला चेंडूसुद्धा उजवीकडच्या झाडीत जाईल. मग दोन दिवसांत शरीर जुन्या सवयीकडे परत जातं, आणि ते योग्यच करत असतं. म्हणून क्रम बदलू नका.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी लिहिते आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट करून वाचावं.

डावा हात शरीराच्या बाजूला सैल सोडा. तो जसा लोंबतो, तळवा किंचित मांडीकडे आणि मागे वळलेला, तसाच दांड्यावर आणायचा आहे. दांडा तर्जनीच्या मधल्या पेरापासून तिरका जाऊन करंगळीच्या मुळाशी यायला हवा आणि ती मांसल गादी दांड्याच्या वर बसायला हवी, बाजूला नाही. तपासायची सोपी रीत आहे: बाकीची बोटं आणि अंगठा सोडून द्या, आणि फक्त वाकवलेली तर्जनी नि गादी यांच्या आधाराने क्लब उचलून बघा. उचलला गेला तर पकड बोटांत आहे. निसटला तर अजून तळहातात आहे. अंगठा दांड्याच्या मधोमध नको, किंचित उजवीकडे असावा, आणि फार ताणून लांब करू नका. मान न हलवता खाली बघितलंत तर मुठीवरच्या दोन, फार तर तीन गाठी दिसल्या पाहिजेत. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली इंग्रजी व्हीसारखी खाच हनुवटी आणि उजवा खांदा यांच्यामधल्या भागाकडे बघत असावी. तुमच्यासारख्या उजवीकडे वळवणाऱ्याला ती खांद्याकडे जास्त झुकलेली चालेल, किंबहुना मला तशीच हवी आहे.

उजवा हात म्हणजे आणखी सोपं काम. मधलं बोट आणि अनामिका यांच्यात दांडा धरायचा आणि तळहातावरची आयुष्यरेषा डाव्या अंगठ्यावर अशी बसवायची की अंगठा पूर्ण झाकला जाईल. दोन्ही हातांच्या खाचा एकमेकींना समांतर. उजवा हात दांड्याच्या वर चढला किंवा पार खाली घसरला की दोन हात एकमेकांविरुद्ध काम करू लागतात.

करंगळीचं काय करायचं हा प्रश्न हमखास येतो. उजवी करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची की तिच्यात गुंतवायची? हॅरी व्हार्डनने सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकलं, पहिलं 1896 मध्ये आणि शेवटचं 1914 मध्ये. वर ठेवायची पकड त्याच्या नावाने ओळखली जाते. जॅक निकलॉसचे हात लहान, तो बोटं गुंतवायचा, आणि त्याच पकडीवर त्याने 18 मेजर (गोल्फच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धा) जिंकल्या. टायगर वूड्सही गुंतवतो. जिम फ्युरिक तर उजव्या हाताची दोन बोटं डाव्यावर ठेवतो. वडिलांनी तशीच शिकवली. त्याचा स्विंग वर जाताना एका वाटेने जातो आणि खाली येताना भलत्याच वाटेने येतो, पण चेंडूपाशी फेस बरोबर जागी असतो. त्याने 2003 मध्ये यूएस ओपन जिंकली आणि 2016 मध्ये पीजीए टूरवर, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांत, 58 फटक्यांची फेरी खेळली. तेव्हा करंगळीसाठी अर्धा तासही घालवू नका. हात लहान असतील तर गुंतवा, नाहीतर वर ठेवा. दांडा बोटांत आहे की तळहातात, यावर मात्र महिना घालवला तरी तो वाया जाणार नाही.

इथे एक सावधगिरी. बेन होगन या जुन्या दिग्गज खेळाडूच्या पकडीची चित्रं आणि फोटो तुम्हाला सगळीकडे सापडतील आणि त्याची नक्कल करावीशी वाटेल. करू नका. होगनचा त्रास तुमच्या उलटा होता. त्याचा चेंडू डावीकडे हूक व्हायचा. तो थांबवायला त्याने डावा हात डावीकडे वळवून पकड कमजोर केली, आणि त्याच्या शरीराचं वळण इतकं जबरदस्त होतं की त्याला ते पेललं. उजवीकडे जाणाऱ्या चेंडूवर ते औषध घेतलंत तर दुखणं वाढेल.

किती जोरात धरायचं? दहापैकी चार इतका जोर म्हणते मी, पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत बदलू नये. डाउनस्विंग सुरू करताना मूठ अचानक आवळली जाते ती खरी चूक. दांड्यावरचं रबर चकचकीत, गुळगुळीत झालं असेल तर आधी ते बदला. निसरडा दांडा सैल हाताने धरायला कुणालाही सांगितलं तरी जमणार नाही.

नवी पकड पहिले आठ-दहा दिवस परकी वाटेल. चेंडू डावीकडे जायला लागतील, कारण शरीर अजून जुन्या उघड्या फेसला सावरतंय. इथे बहुतेक लोक पकड सोडून देतात आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण डावीकडे गेलेला तो चेंडू म्हणजे फेस बंद व्हायला लागल्याची खूण असते. घरी क्लब हाताशी ठेवा. रोज पाच मिनिटं हात सोडायचे आणि पुन्हा धरायचे, चेंडू न मारता. रेंजवर पहिला आठवडा नुसते छोटे, कमरेएवढ्या उंचीपर्यंतचे फटके.

आता पवित्रा. ‘डोकं खाली ठेव’ हा सल्ला विसरा. चेंडूच्या माथ्यावर क्लब बसतो तेव्हा डोकं वर आलेलं दिसतं हे खरं, पण ते सगळ्यात शेवटी वर येतं. आधी कंबरेखालचा भाग चेंडूच्या दिशेने पुढे सरकतो. मग हातांना जागा उरत नाही, म्हणून छाती सरळ होते, कोपरं वाकतात, आणि डोकं त्यांच्यामागून वर येतं. हनुवटी छातीत खुपसून ठेवलीत तर उलट डाव्या खांद्याला वळायला वाटच राहत नाही. त्याला हनुवटीखालून जायचं आहे. मान कण्याच्या सरळ रेषेत लांब ठेवा आणि फक्त डोळे खाली न्या.

उभं राहण्याची रीत अशी. ताठ उभे राहा. मांडी जिथे पोटाला मिळते त्या घडीवर क्लब आडवा धरा आणि त्याने खुबे मागे ढकला, जणू हात भरलेले आहेत आणि मागचं दार पार्श्वभागाने लोटायचं आहे. वरचं धड आपोआप पुढे झुकेल. वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही. हा फरक शब्दांत लहान वाटतो, पण तुमची कंबर धरण्याचं निम्मं उत्तर इथे आहे. मग गुडघे फक्त सैल करा. खुर्चीत बसल्यासारखे वाकवू नका. हात खांद्यांखाली सरळ लोंबू द्या. ते जिथे थांबतील तिथे क्लब धरा. मांडी आणि दांड्याचं टोक यांच्यात साधारण एक मूठ मावेल इतकी जागा राहते, ड्रायव्हरला थोडी जास्त. वजन बुटांच्या लेसखाली. टाचा किंचित उचलून बघा, मग बोटं उचलून बघा. दोन्ही वेळा तोल न जाता जमलं तर वजन बरोबर आहे.

दोन चुकीचे पवित्रे नेहमी दिसतात. एकात पाठ पोक काढल्यासारखी गोल होते आणि मधली पाठ वळूच शकत नाही. दुसरा जास्त घातक, आणि तो बहुतेकदा ‘पाठ सरळ ठेव’ हे ऐकून जडतो: माणूस कंबर आत ओढून पार्श्वभाग बाहेर काढतो. फोटोत रुबाबदार दिसतं, पण कमरेचे मणके त्या बाकावर अडकून बसतात आणि पोटाचे स्नायू सुटतात. ‘सरळ’ म्हणजे कण्याचा नेहमीचा आकार, त्याहून जास्त बाक नाही. तो आकार शोधायला ओटीपोट एकदा पुढे, एकदा मागे झुकवा आणि मधे थांबा.

पायांतलं अंतर आयर्नसाठी खांद्यांएवढं, ड्रायव्हरसाठी थोडं जास्त. वेजसाठी, म्हणजे जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबसाठी, चेंडू मधोमध, क्लब लांब होत जाईल तसा डावीकडे, आणि ड्रायव्हरसाठी डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. उजवा हात खाली असतो म्हणून उजवा खांदाही किंचित खाली राहील. तो मुद्दाम बरोबरीला आणू नका. डावा पंजा वीसेक अंश बाहेर वळवा. खुबे आखडलेल्या माणसाला एवढ्यानेसुद्धा फटक्यानंतर वळायला मोकळीक मिळते.

वळणाकडे येऊ. पकड आणि पवित्रा जागेवर आले की वळण बरंचसं आपोआप सुटतं, हा माझा दरवेळचा अनुभव आहे. तरी शरीर कुठे फिरतं हे माहीत असलेलं बरं. छातीच्या भागात 12 मणके आहेत, कमरेत 5. कमरेचे मणके वाकण्यासाठी चांगले, फिरण्यासाठी नाहीत. त्यांची फिरण्याची क्षमता फारच थोडी आहे. फिरायचं ते खुब्यांनी आणि मधल्या पाठीने. खुबे जागच्या जागी घट्ट धरून फक्त खांदे वळवले की ताकद साठते, असं बरीच वर्षं शिकवलं गेलं. विशीतल्या लवचिक खेळाडूला ते झेपतही असेल. चाळिशीनंतर, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ते शिकवणं मी चुकीचं मानते. खुबे अडवले की उरलेलं वळण कमरेकडून वसूल होतं. शंभर-दीडशे चेंडूंनंतर तुमची कंबर तेच सांगते.

तेव्हा बॅकस्विंगमध्ये खुब्यांना वळू द्या. उजवा मागचा खिसा मागे, तुमच्या पाठीमागच्या भिंतीकडे जाऊ द्या. उजवा गुडघा थोडा सरळ झाला तर होऊ द्या. डावी टाच जमिनीवरून उचलली गेली तरी चालेल. बॉबी जोन्स आणि निकलॉस या दोघांचीही उचलली जायची. एवढंच बघा की उजवा खुबा बाजूला सरकत नाही. सरकणं आणि वळणं यांतला फरक वजनावरून कळतो: वळलात तर वजन उजव्या टाचेच्या आतल्या बाजूला जाणवतं, सरकलात तर पावलाच्या बाहेरच्या कडेला. मुरलेल्या खेळाडूचे खांदे 90 अंशांच्या आसपास वळतात, खुबे त्याच्या निम्मे. तुमचे खांदे 75 अंशच वळले आणि डावा खांदा चेंडूच्या दिशेने खाली उतरत वळला, तर मला पुरेसं आहे.

मर्यादा शरीराची आहे की सवयीची, हे आधी तपासा. खुर्चीत बसा, गुडघे जुळवा, क्लब दोन्ही खांद्यांवर आडवा धरा आणि दोन्ही बाजूंना वळा. बसल्यामुळे खुबे अडतात, म्हणून हे वळण मधल्या पाठीचं. दोन्हीकडे 45 अंश मिळाले तर पाठ तयार आहे, सवय बदलायची. नाही मिळाले तर रोज दहा मिनिटं त्या भागाचं मोकळेपण कमवावं लागेल; स्विंगच्या कितीही युक्त्या तिथे चालणार नाहीत.

भिंतीचा सराव मी जवळजवळ प्रत्येकाला देते. भिंतीकडे पाठ करून पवित्रा घ्या, पार्श्वभाग भिंतीला जेमतेम टेकलेला, हात छातीवर. बॅकस्विंगमध्ये उजवी बाजू भिंतीला दाबते, डावी सुटते. डाउनस्विंगमध्ये डावी बाजू भिंतीवर यायला हवी, आणि ती येईपर्यंत उजवी सुटू नये. माझ्याकडे साठीतले एक गृहस्थ शिकायला यायचे. पहिल्या दिवशी डाउनस्विंग सुरू करताच त्यांची दोन्ही बाजू भिंतीपासून सुटायची. मी मागे उभी राहून भिंत आणि त्यांची पँट यांच्यात हात घालून दाखवला: पूर्ण पंजा मावत होता. तेवढेच ते दर फटक्याला चेंडूकडे सरकत होते. तीन आठवडे त्यांनी चेंडू न मारता रोज वीस वेळा हेच केलं. मग रेंजवर आले, सात नंबरचा आयर्न घेतला, आणि चौथ्या-पाचव्या चेंडूला तो घट्ट, भरीव आवाज आला. ते काही बोलले नाहीत, नुसते चेंडू उतरेपर्यंत उभे राहिले. त्या फटक्यात डोकं खाली ठेवायची आठवण त्यांना कुणी केली नव्हती.

डाउनस्विंग जमिनीकडून सुरू होतो. क्लब वर पोहोचत असतानाच वजन डाव्या पायाकडे निघालेलं असतं. मग खुबे, मग छाती, मग हात, सगळ्यात शेवटी क्लब. हा क्रम विचार करून घडवता येत नाही, वेळ फार थोडा असतो. म्हणून पाऊल टाकण्याचा सराव करा: दोन्ही पाय जुळवून उभे राहा, क्लब मागे न्या, तो अजून मागे जात असतानाच डावं पाऊल निशाणाकडे टाका आणि मारा. निम्म्या जोराने. शरीराला क्रम लगेच कळतो. बॅकस्विंगला लागणारा वेळ डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट असतो. घाई होतेय असं वाटलं तर वर जाताना मनात ‘एक, दोन, तीन’ मोजा.

दीडशे चेंडू मारणं आजपासून बंद. पन्नास पुरेत, आणि दोन चेंडूंच्या मधे पवित्रा सोडून मागे या, पकड नव्याने घ्या. व्हिडिओ घेताना कॅमेरा तुमच्या हातांच्या उंचीवर, एकदा निशाणाच्या रेषेत मागून, एकदा समोरून. कॅमेरा वाकडा लावला की चांगला स्विंगही वाईट दिसतो, आणि लोक नसलेला दोष दुरुस्त करत बसतात.

कंबरदुखी स्नायूंपुरती असेल तर या बदलांनी कमी व्हायला हवी. पण दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, पाय बधिर वाटत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल तर क्लब खाली ठेवा आणि आधी डॉक्टरांना दाखवा. तिथे कोणत्याही प्रशिक्षकाचं ऐकू नका, माझंही.

आता नवा ग्लोव्ह घ्याल तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पेनाने तारीख लिहून ठेवा. पहिले दोन आठवडे फक्त पकड, पुढचे दोन पवित्रा नि भिंत, त्यानंतर पाऊल टाकण्याचा सराव. सहा आठवड्यांनी ग्लोव्ह उजेडात धरा आणि करंगळीखालची ती जागा बघा. तिथलं कातडं अजून शाबूत असेल तर स्विंगचे दोन व्हिडिओ पाठवा, पुढचं त्यावरून सांगते. भोक पडायला लागलं असेल तर व्हिडिओ नको. दांडा हातात घेतलेला फक्त एक फोटो पाठवा, मूठ वरून दिसेल असा.